पाठमोऱ्या बापाचा सीन

रहिमतपूरच्या लालासाहेबांनी मुंबईत तीस वर्षं दिग्दर्शन केलं. आधी दोन सिनेमे. ते पडले, मग मालिका. पडद्यावर नाव बड्या दिग्दर्शकाचं, सेटवर घसा फोडून राबणारे हे. अशा माणसांची नोंद कुणी ठेवत नाही, आणि हे कळायला पदवी लागत नाही.

आता उंब्रजच्या यात्रा कमिटीनं त्यांचा सत्कार ठरवला. निरोप आला, "तुमी सोता केलेला एक सीन पाठवा. पडद्यावर दावू."

लालासाहेब आठवडाभर मोबाईलला डोळे लावून बसले. एका मालिकेतला बाप रडतो, मुलगी तोंडावर दार लावून घेते. बापाचा चेहरा ह्यांनी सोमवारी टिपलेला, हे पक्कं. नटी आली गुरुवारी, तेव्हा नट गावाला गेलेला. तिच्यासमोर बापाची नुसती पाठ दिसते, डावा खांदा पडलेला. तिचा चेहरा कुणी टिपला? जोडून दाखवलं की दोघं समोरासमोर. मग सीन कुणाचा? एक दिवस वाटे आपला, दुसऱ्या दिवशी वाटे, न्हाई. तिसऱ्या दिवशी तर ही मालिका तरी आपली होती का, इथवर गाडी गेली.

शेवटी त्यांनी मलकापूर गाठलं. त्याच सेटवर नटांचे कपडे शिवणारी जरिनाबी तिथं राहते. तिनं चष्मा पुसून सीन पाहिला.

"थांबवा. पोरीम्होरं ह्यो पाठमोरा बाप हाय ना, ह्यो नट न्हाई. तुमी हाय."

"कशावरनं?"

"नटाचा सदरा तुमाला हुईना. पाठीत उसवून मीच पट्टी लावली. ही बघा. लय खात हुता तवा."

लालासाहेब हरखले. म्हणजे गुरुवारीही आपण होतो. मग चेहरा पडला.

"जरिनाबी, मी कॅमेऱ्याम्होरं, तर मागं कोण हुतं?"

"मला काय ठावं? वरडत तुमीच हुता. पण तुमी काय, काम नसलं तरी वरडायचा."

सीन तोच पाठवला. उंब्रजला तो दाखवून झाल्यावर निवेदन करणाऱ्या शिवांजलीनं विचारलं, "काका, ह्यात तुमचं काय?"

पाठ केलेलं भाषण डोक्यातून उडालं. त्यांनी लोकांकडं पाठ केली आणि डावा खांदा तसाच पाडला.

"आरं, ह्योच की त्यो," मागनं कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

लालासाहेब वळले नाहीत. समोर रिकामा पडदा होता, आणि कॅमेऱ्यामागं कोण होतं ते अजून आठवत नव्हतं.