टायरच्या कडेचे केस

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आमच्या खालच्या मजल्यावरची वैशाली घाटातल्या उजव्या वळणावर, सांडलेल्या वाळूवरून मोटरसायकलसकट घसरली. हाताचं प्लास्टर निघालं, गाडीला नवे टायर आले. पण वळण आलं की ती गाडी सरळच ठेवायची आणि एक पाय खाली सोडून बैलगाडीसारखी वळवायची. त्यामुळे टायरच्या मधले केस झिजले, कडेचे तसेच राहिले. गाडी कलली तरच कड रस्त्याला टेकते ना!

झाडांना पाणी घालताना मी ते केस बघू लागलो. माणसाची भीती अशी उघड्यावर, चारचौघांत उभी असलेली मी कधी पाहिली नव्हती. आपण आपली किती झाकून ठेवतो! ही मात्र रोज सकाळी मैदानावर गाडी नेऊन, ती थोडी थोडी कलवत गोल गोल फेऱ्या मारायची. डावीकडचे केस आधी गेले. उजवीकडचे हटून बसले होते.

आज ती गाडी पुसत होती. मी वाकून उजवी कड चाचपली. एकही केस हाताला लागला नाही.

"गेली की गं भीती!"

"छे हो काका," ती फडकं पिळत म्हणाली, "भीती आहेच. पण टायर रस्ता सोडत नाही, हे आता पटलंय."

आमच्या फाटकाशीच उजवं वळण आहे. गाडी काढून निघाली तेव्हा तिथे ती दोन्ही पाय वर ठेवून झोकात कलली, आणि इकडे माझाच पाय टेकू द्यायला नकळत पुढे झाला.