बाजाररस्त्याचा माझा नकाशा

बाजाररस्त्याचा नकाशा मी काढला आणि त्यात माणसांना चालायला जागाच ठेवली नाही.

एकोणीसशे साठच्या आसपास केळापूर तालुक्यातल्या एका गावात मी नवा ओव्हरसिअर होतो. आमचे मुकादम रस्ता तपासायचा म्हणजे वहाणा काढून, डोळे मिटून त्यावरून चालत. ‘पायाले इचारा सायब,’ म्हणत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. माझ्या पायांत तर नवे बूट, विचारणार कुणाला?

नकाशा त्यांनी निरखून पाहिला. बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी रस्त्यावर चुलीची राख पसरली आणि तासाभराने मला बोलावलं. बैलांच्या बंड्या रस्त्याच्या मधून गेल्या होत्या. पावलं आणि सायकलींचे माग सगळे रस्त्याकडेच्या निंबांच्या सावलीला.

‘चार हात जागा इथं सोडा.’

‘इथे नाली आहे, मुकादम.’

‘नाली कागदावर हाये सायब. मानसं इथं हायेत.’

‘सरकारी काम राखेवर होत नसतं,’ मी ऐटीत म्हणालो. नाली तिथेच खोदली. उघडी, कमरेइतकी खोल.

त्याच हंगामात मुकादमांची बायको त्यांची भाकर घेऊन येत होती. समोरून कापसाच्या बंड्या आल्या, ती बाजूला सरली ती थेट नालीत. मोडलेला पाय पुन्हा सरळ जुळला नाही. दुसऱ्या दिवशी मुकादम नेहमीसारखे कामावर आले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग दर सुटीला ते एकटेच नालीवर दगडी फरशा बसवू लागले. हळूहळू निंबाखालून माणसं चालू लागली, सायकलवाले घंटी वाजवत जाऊ लागले. मोठे साहेब पाहणीला आले आणि खूश झाले.

‘नाली झाकून पायरस्ता! डोकं कुणाचं हे?’

मुकादम चार पावलांवर उभे होते, हात चुन्याने माखलेले. मी विनयाने मान खाली घातली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोडी पुढेही केली असेन.

मुकादम निवृत्त होऊन मुकुटबनला लेकीकडे गेले. माफी मागायला जायचं म्हणता म्हणता मी तीन वर्षं घालवली. गेलो तेव्हा दारात त्यांची बायको काठी घेऊन बसली होती. ते मागल्या उन्हाळ्यातच वारले होते. मी उभ्या उभ्या, डोळे पुसत, सगळं सांगून टाकलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘मले कायले सांगता आता? त्या दिवशी तोंड काय घरी ठेवून आलते?’