भोकराला भेटायचा पास

नातीला तिसरा महिना. पोटात पाणी टिकेना, आणि खावंसं काय वाटतं तर भोकराचं लोणचं! पिंपरीच्या मंडईत भोकरं मागितली तर भाजीवाली मला हिरवी द्राक्षं दाखवायला लागली. म्हटलं, राहू दे बाई, माझं झाड मला ठाऊक आहे.

झाड चाकणला, माझ्या माहेरच्या शेतात. शेत भावांनी कधीच विकलं, तिथे आता गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी आहे. झाड तेवढं ठेवलंय. साहेबांच्या गाड्यांना सावली नको?

तुम्हाला जायचं असेल तर उन्हाच्या आधी निघा. नाशिक फाट्यावरून चाकणची बस मिळते. मोशीच्या पुढे ट्रकांची अशी रांग लागते की बसल्या जागी लसूण सोलून होतो. मी सोललाच. उतरल्यावर शेअर रिक्षा, माणशी वीस रुपये. लुगडं जुनं नेसा. भोकराचा चीक डिंकासारखा, धुतल्याने जात नाही.

गेटवर वॉचमन, लातूरकडचा.

"आज्जी, पास लागतोय. कोणाला भेटायचंय?"

"त्या झाडाला."

"झाडाला कसं भेटता? माणसाचं नाव सांगा."

"माणसाशी माझं काय काम न्हाई."

गडी हलेना. घरी पोरगी उपाशी, आणि इथे हिरवे घोस डोळ्यांसमोर लोंबतायत. तेवढ्यात झाडाखालची पांढरी गाडी दिसली. पिकून पडलेल्या भोकरांनी काच बरबटलेली.

"ही कोण पुसतं रे?"

त्याचं तोंड उतरलं. "मीच. रोज. वर साहेब वरडतेत."

"मग सोड मला आत. मी नेईन तेवढी तुझ्या काचेवर पडायची न्हाईत."

डोकं खाजवत त्याने पास फाडला. कोणाला भेटायचं: भोकर. काम: लोणचं. काठीही त्यानेच आणून दिली. हिरवी, टणक तेवढीच तोडा. पिवळ्यात नुसता चीक.

निघताना म्हणाला, "भेटलेल्या व्यक्तीची सही राहिली."

मी एक पिकलं भोकर सहीच्या चौकोनात पिचकवलं. पास त्याच्या वहीला चिकटला तो चिकटलाच.

घरी येऊन भोकरं उकडली. बी काढताना बोटांना मीठ लावा, नाहीतर बी बोट सोडत नाही. मी मसाला भाजेपर्यंत नातीने चार भोकरं गरमगरमच मिठाला लावून खाल्ली. मी बादली घेऊन शेजारी उभी. काही झालं नाही. तिने आणखी मागितली, आणखी खाल्ली.

संध्याकाळी नातजावई आला. ताटलीत उरलेली नऊ भोकरं बघून म्हणाला, "आजी, मला लोणचं कधी?"

म्हटलं, "तुला दिवस जातील तेव्हा घालीन."