बांधी वाळते तेवढे दिवस

विदर्भात सगळ्यांत जास्त थंडी गोंदियात पडली, अशी बातमी दर हिवाळ्यात एकदा तरी येते आणि त्या दिवशी आमच्या ऑफिसात प्रत्येकाची मान ताठ होते. जणू ही थंडी आम्हीच मेहनत करून पाडली. मी गोंदियातल्या एका राइस मिलच्या ऑफिसात काम करते. थंडी सुरू झाली की तिथले लोक एकदम तब्येतीकडे लक्ष देऊ लागतात. कोणी पहाटे मैदानावर चालायला जातो, कोणी नवे बूट घेतो आणि चार दिवसांनी ते बूट घालून ऑफिसातच येतो. मग दरेकश्याच्या सहलीचा विषय निघतो. डोंगरात कोवळं ऊन, धबधब्याला उरलंसुरलं पाणी, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे. हवामान फोनवर पाहिलं जातं, धुकं असेल की नाही यावर वाद होतात आणि शेवटी एखाद्या रविवारी गाडी निघते.

माझं गाव त्याच बाजूला, मुख्य रस्ता सोडून थोडं आत. तिथेही हिवाळा येतो, पण त्याला मजा म्हणायची पद्धत नाही. नोव्हेंबरात धान कापलं जातं आणि बांध्या मोकळ्या होतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. पावसाळ्यात तिच्यात गुडघाभर चिखल असतो. उन्हाळ्यात, पाणी नसलं तर, पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. मधल्या थोड्या दिवसांत मात्र ती टणक, सपाट आणि कोणाच्याच कामाची नसते. पोरं तिथे क्रिकेट खेळतात. त्या वर्षी त्या पोरांशी जागेसाठी माझ्या आईचं भांडण झालं.

तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. बांधी वाळली, तू रविवारी ये, एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, धानाचं काही काम असेल. गेले तर अंगणात माझी शाळेतली जुनी सायकल धुऊन, तेल देऊन उभी केलेली. आईला सायकल शिकायची होती. तेव्हा ती साठीला आली होती.

तिचं कारण सरळ होतं. तिची मोठी बहीण, माझी मावशी, शेजारच्या गावात राहते. मावशीचे गुडघे गेले, ती घर सोडू शकत नाही. वडील होते तोवर आई त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून बहिणीकडे जायची. वडील गेले आणि आई कोणाच्या तरी गाडीची वाट पाहू लागली. माझा भाऊ वाईट नाही, पण त्याचा उद्या फार लांब असतो. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. दोघी बहिणी फोनवर एकमेकींना गुडघ्यांची हालहवाल सांगत. चालत जायचं म्हटलं तर आईचेही गुडघे आता कुरकुर करू लागले होते.

आणि आमच्याकडे बाई कोणाच्या घरी गेली की पाणी मिळायच्या आधी एक प्रश्न मिळतो. कोनासंग आली? त्याला उत्तर असतंच. ज्यानं आणलं तो बहुतेक वेळा आत येत नाही, रस्त्यावर गाडीपाशी उभा राहतो, आणि घरातलं कोणीतरी त्याचा चहा बाहेर नेऊन देतं. आईला या प्रश्नाचा कंटाळा आला होता. कंटाळा हा माझा शब्द. ती म्हणाली, मले त्याचा राग येते.

मुदतही ठरलेली होती. भावाला उन्हाळी धान लावायचं होतं. पाटाला पाणी सुटलं की बांधीचा चिखल होणार, मग ऊन, मग पावसाळा. म्हणजे शिकायचं ते पाणी सुटायच्या आत, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात. पुढच्या हिवाळ्याला माझे गुडघे कुठं असतील, असं तिनं विचारलं. मी सहलीला येत नाही म्हणून ऑफिसात कळवून टाकलं.

मी दर रविवारी जाऊ लागले. सकाळी लवकर काही जमायचं नाही. तलावावरून उठलेलं धुकं बांधीवर बसलेलं असे आणि दहिवरानं माती वरून निसरडी झालेली असे. ऊन चांगलं वर आलं, की आई वडिलांचं स्वेटर लुगड्यावर चढवायची, कानाला मफलर बांधायची आणि मला हाक मारायची. आजूबाजूच्या बांध्यांत लाखोळी, धानामागून येणारं कडधान्य, हिरवीगार उगवलेली होती. आमच्या या एकाच बांधीत तिनं मुद्दाम पेरू दिली नव्हती. लाखोळी धान उभं असतानाच पेरतात; तेव्हाच भावानं कारण विचारलं होतं आणि तिनं ते सांगितलं नव्हतं. म्हणजे बाईंनी हा बेत पावसाळ्यातच आखला होता.

मी मागून कॅरिअर धरायची. ती चाकाकडे पाहायची, उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावं तशी. समोर पाहा म्हटलं तर म्हणायची, समोर काय हाय पाहाले. खरंच नव्हतं. मग ती पडायची. धसकटांवर पडलं की पोटऱ्या सोलवटतात. मळणीला जाणाऱ्या बाया धुऱ्यावर थांबून पाहत, हसत आणि पुढे जात. त्यांतल्या एकीनं विचारलं की आता कोणत्या शाळेत नाव घातलं. आईनं मफलर घट्ट केला आणि पुन्हा टांग टाकली. मी चांगली शिक्षिका नाही. मला पटकन राग येतो आणि तिला तो त्याहून पटकन येतो. दोन वेळा आम्ही बांधीच्या दोन टोकांना तोंड फिरवून बसलो.

पण तिला जमलं. एका रविवारी मी कॅरिअर सोडला आणि तिला कळलंच नाही. बांधीच्या कडेकडेनं ती गोल गोल फिरत राहिली, धुऱ्याला लागून वळायची, पुन्हा वळायची. मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही. टाळ्या वाजवल्या. ती थांबली, म्हणजे पडलीच, आणि म्हणाली, आता रस्त्यावर.

आमच्या गल्लीतून रस्त्याला लागलं की मावशीचं गाव उजवीकडे. आई गल्लीतून झोकात निघाली, रस्त्यावर आली आणि वळलीच नाही. नाकासमोर रस्ता ओलांडून पलीकडच्या लाखोळीत गेली आणि सायकल धरून तिथेच उभी राहिली. मी धावत गेले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, तिकडे हात वळत नाई.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके आठवडे ती बांधीत फक्त डावीकडे वळत होती. एकदाही उजवीकडे नाही. का, हेही मला माहीत होतं. लग्नाआधीपासून तिनं खळ्यावर मळणीचे बैल फिरवले होते, मधला खांब कायम डाव्या हाताला ठेवून. मोकळी जागा आणि गोल फिरायचं म्हटलं की तिचं अंग आपोआप त्याच बाजूला झुकायचं, आणि मी मागून कॅरिअर धरून वाकलेली, माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी हसायला लागले ते रस्त्याच्या कडेला बसूनच.

तिला ते आवडलं नाही. "बैलं बी तं एकाच बाजूनं फिरत," ती म्हणाली. "त्याइले कोनी हासे का?"

पुढचा रविवार उजवीकडे वळण्यात गेला, म्हणजे उजवीकडे पडण्यात गेला. तिला गरगरायचं. त्यानंतर आभाळ आलं, दोन दिवस बारीक पाऊस लागला आणि बांधी चिकट झाली. ऑफिसात त्याच पावसानं सहल पुढे ढकलली गेली आणि सगळे हळहळले. शनिवारी मी घरी पोचले तेव्हा भाऊ सांगत होता की सोमवारी पाटाला पाणी सुटतं. आता पुढच्या साली पाहू, असंही तो म्हणाला. त्याच्या मनात काही खोट नव्हती. आई शेकोटीपाशी बसली होती. मला तिच्याकडे पाहवेना.

तिनं राखेत काडीनं एक रेघ ओढली. मग ती रेघ डावीकडे वळवली. मग पुन्हा डावीकडे. आमच्या गल्लीतून डावीकडे निघायचं, तलावाला वळसा घालायचा, पुढे दरेकश्याच्या मोठ्या रस्त्यानं जंगलाच्या तुकड्यातून जायचं, आणि मावशीच्या गावात मागच्या बाजूनं शिरायचं. येताना मावशीकडून सरळ नेहमीच्या रस्त्यानं यायचं. घरापाशी आलं की गल्ली डाव्याच हाताला. तिनं रेघ जुळवून गोल पुरा केला आणि माझ्याकडे पाहिलं. जवळचा रस्ता सोडून तिप्पट लांबचा, पण सगळी वळणं डावीकडची. मोठी बांधीच ती.

रविवारी धुकं असं होतं की समोरची चिंच दिसत नव्हती. थांब म्हटलं, ती थांबली. ऊन निघालं तशी ती निघाली. मी माझी स्कूटी बाहेर काढली तर तिनं मला गल्लीतच अडवलं.

"तू मागं आली तं लोक म्हनतील, पोरीसंग आली."

मी स्कूटी पुन्हा आत ठेवली. ती डावीकडे वळली आणि तलावाकडच्या उरलेल्या धुक्यात दिसेनाशी झाली. मला भीती वाटत होती. मोठ्या रस्त्यावर ट्रक असतात, जंगलात रानडुकरं असतात, आणि माझ्या आईला फक्त एका बाजूला वळता येतं. मी अंगण झाडलं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. भावानं विचारलं, आई कुठं गेली, तर सांगितलं, बाहेर. तो खिशातली किल्ली चाचपत उभा राहिला आणि मग गोठ्यात गेला.

मग ऑफिसातल्या एकाचा फोन आला. पुढे ढकललेली सहल त्याच दिवशी निघाली होती. मौसम काय मस्त आहे, तू यायला हवं होतं, असं तो गाडीतून ओरडत होता. मग म्हणाला, अर्धा वेळ तर एका म्हातारीच्या मागेच गेला. "बुढ़िया बीच रोड में साइकल चला रही, साइड ही नहीं दे रही."

मी विचारलं, "सीधी थी ना?"

सीधी थी, म्हणाला, लेकिन तुमको क्या. मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून घेतलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा ती आली, उजवीकडच्या रस्त्यानं, आणि गल्लीत डावीकडे वळली. सायकल भिंतीला लावली. पाय धुतले. स्वेटरच्या बाहीला कसलीशी पिवळी फुलं चिकटली होती, म्हणजे कुठेतरी पडलीही होती, पण ते मी विचारलं नाही. मावशी कशी आहे, विचारलं. चांगली आहे म्हणाली. अंगणात खाटेवर उन्हात बसली होती, दुरूनच ओळखलं.

"काय म्हणाली?"

"कोनासंग आली म्हने."

"मग?"

आईनं सांगितलं की एकटी आली, सायकलनं आली. मावशीनं मान हलवली आणि नेहमीसारखा सुनेला दोन कप चहा सांगितला. आईला एक दिला. दुसरा घेऊन सून रस्त्यावर गेली. तिथे फक्त सायकल होती. सून सायकलपाशी थोडा वेळ उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं आणि कप घेऊन तशीच परत आली. तेव्हा कुठे मावशीला खरं वाटलं. ती खाटेवरून उठायला लागली, तिला उठता येत नव्हतं, आणि ती रडायला लागली. मग आईही रडली. चहा तोवर निवत आला होता.

"त्या दुसऱ्या कपाचं काय झालं?" मी विचारलं.

आईनं मफलर सोडला, घडी केली.

"आननाऱ्याचा होता तो," ती म्हणाली. "मंग मीच पेली."