गिरणीवालीकडचे पाहुणे

जगातला प्रत्येक माणूस घरून निघतो तो शेवटी आपल्याच दारात येऊन टेकण्यासाठी, अशी ठाम समजूत असलेला गृहस्थ मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मोठा साडू निघाला. मोताळ्यात या साडूंची, म्हणजे आमच्या भाऊंची, पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन आलेली बाई तिथून नुसतं पीठ घेऊन परत गेली असं कधी झालं नाही. आधी पाणी, मग चहा, आणि चहा नको म्हणाली तर जास्त दुधाचा चहा. एकदा पत्ता चुकलेला एक औषधविक्रेता गिरणीत डोकावला. भाऊंनी त्याला पत्ता सांगायच्या आधी जेवायला बसवलं, आणि तो सुटला तेव्हा ज्या दुकानात त्याला जायचं होतं ते बंद झालं होतं. सगळी हयात पट्ट्याच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांचा आवाजही तसाच झाला आहे. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो, तिथं ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पोहे खारट हायेत, साडभाऊ." पाचच मिनिटांत मुलीची आई नवे पोहे घेऊन बाहेर आली. लग्न मात्र तिथंच जमलं, आणि त्याचं श्रेय भाऊ अजून पोह्यांना देतात.

त्यांना आणि ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, एकच मुलगी होती. आता 'होती' असंच लिहावं लागतं. कॉलेजात शिकत होती, बापाच्या उलट, कमी बोलायची. पण फोनवरच्या एका गोष्टींच्या ॲपवर ती 'गिरणीवाली' या नावानं लिहायची आणि तिथं तिचं तोंड बंद होत नसे. लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या एका परदेशी कार्टूनमधली बंडखोर छोटी चेटकीण तिच्या मनात बसली होती. तिला तिनं थेट आपल्या मुलखात आणलं, नाव ठेवलं कुसळी, आणि तिच्यामागे म्हाताऱ्या चेटकिणींची पंचायत लावून दिली. पंचायत म्हणे खाली बघून चाल, कुसळी वर बघून उडे. शेवटच्या भागात पंचायतीनं तिचा झाडू हिसकावून घेतला, कुसळी राजूर घाटाच्या कड्यावर रिकाम्या हातानं उभी राहिली आणि खाली 'क्रमशः' आलं. त्यानंतर पोरीला ताप आला. साधाच वाटला होता. पुढचा भाग लिहायचा म्हणून ती अंथरुणातही फोन मागत होती, आणि तो उशाशी तसाच राहिला.

ती गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी एक शेजारीण म्हणाली, "चेटकिनीचं लिवू नाही मानसानं. बाधते."  भाऊंनी पुढे महिनाभर त्या बाईची ज्वारी अशी जाडी दळली की तिच्या घरात एक भाकरी धड थापली गेली नाही. त्या दिवसांत भाऊंना रागावता येत होतं याचंच मला बरं वाटलं.

मुलीचा फोन त्यांनी गिरणीतल्या खिळ्यावर पिशवीत टांगून ठेवला होता. एक दिवस तो वाजला. दार वाजल्यासारखे भाऊ उठले. कुण्या वाचक मुलीनं लिहिलं होतं, 'ताई, कुठे आहेस? पुढचा भाग कधी?' आता दारात आलेल्याला उत्तर न देणं हे काही भाऊंच्या रक्तात नाही. त्यांनी एका बोटानं, अक्षर अक्षर मोठ्यानं म्हणत लिहिलं, 'बाहीर गेली हाये. बसा. पानी घ्या.' वाचकांना वाटलं, लेखिका मुद्दाम गिरणीवाल्या बापाचं सोंग घेऊन बोलतेय. ते हसले, खूश झाले आणि आणखी आले. भाऊंना तर पर्वणीच! पुण्याच्या कुणी 'किती गोड गावरान भाषा' असं लिहिलं, तर यांनी कळवलं, 'गावरान तं तूप असते.' कुणी सुचवलं, कुसळीचं गोष्टीतल्या एका रुबाबदार जादूगाराशी लग्न लावा. त्याला उत्तर गेलं, 'तुमाले लग्नाची काऊन घाई? शिकू द्या पोरीले.'

या लोकांशी बोलायचं तर गोष्ट माहीत पाहिजे, म्हणून दळण संपेस्तोवर चष्मा लावून त्यांनी ती सगळी वाचून काढली. पोरीनं लिहिलेलं आपण तिच्या हयातीत वाचलं नाही, हे मात्र त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच पट्टा चालू केला. पुढे ते माझ्याशी फोनवर कुसळीबद्दलच बोलत, चुलत घरातली पोर असावी तसं. पंचायतीचा त्यांना फार राग. "झाडू घेतला तं घेतला, साडभाऊ, पन त्या बुढ्यायले एवढ्या साऱ्या झाडूयचं कराचं काय हाये?"

मग घोटाळा झाला तो एका मात्रेचा. एक वाचक पुढच्या भागासाठी फारच मागे लागला, तेव्हा भाऊंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'मले लिवता येत नाही.' आमच्या वऱ्हाडीतलं 'मले' म्हणजे 'मला', हे फोनला कुठून कळणार? आजवर त्यानं चालवून घेतलं होतं, या वेळी मात्र आपल्या मतानं शब्द सुधारले, मध्ये पूर्णविरामही टाकला, आणि गिरणीवालीच्या नावानं उत्तर गेलं, 'मेले. लिहिता येत नाही.' त्यावर हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. 'मेलीस तरी लिही गं!' 'भूत होऊन लिही, चेटकिणीची गोष्ट आहे, चालेल.' 'आम्हीपण मेलो वाट पाहून.'

भाऊ दुसऱ्या दिवशी एसटीनं खामगावला माझ्याकडे आले. फोन पुढे केला आणि विचारलं, "हे लोक हासून काऊन राह्यले?" मी वाचलं.  फोननं काय केलं ते त्यांना समजावून सांगितलं.  मग त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हटलं, "म्हंजे मी खरंच सांगतलं. आन् कोनी आयकलं नाही."

मी म्हटलं, भाऊ, आता नीट सांगून टाका, किती दिवस हे चालणार? ते म्हणाले, "घरात तिचं नाव कोनी घेत नाही. तुमच्या ताई तं तिच्या खोलीतबी जात नाही. गल्ली इसरली. या फोनातच तेवढं लोक इचारतेत, ताई कव्हा येतं म्हनून. सांगतलं का तेबी बंद होईन."  आमच्या घरी त्या दिवशी ते न जेवता गेले, म्हणजे काय ते त्यांना ओळखणाऱ्यांनीच समजावं.

पण पाहुणेसुद्धा किती दिवस पाण्यावर बसतील? हळूहळू वाचक चिडायला लागले. कुणी लिहिलं, चार लोक वाचतात म्हणून एवढा माज. कुणी लिहिलं, वाचकांची थट्टा लावलीय. आणि मग एकानं लिहिलं, 'शेवट लिहायची हिंमत नाही. अर्धवट टाकून पळाली. भित्री.' माज, थट्टा, सगळं भाऊंनी गिळलं असतं. भित्री हा शब्द गिळता येईना. तापानं फणफणलेली पोर फोन मागत होती ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला फोन आला, "या साडभाऊ. मले लिवाचं हाये, आन् हा फोन मले लिवू देत नाही."

मी गेलो तो मोताळ्याच्या बाजाराचा दिवस. एरवी त्या दिवशी गिरणीत उभं राहायला जागा नसते. भाऊंनी गिरणी बंद ठेवली होती. ते सांगत होते, मी लिहीत होतो, आणि फोन 'मले'चं 'मेले' करायला गेला की परत 'मले' करत होतो. 'नमस्कार. मी गिरणीवालीचा बाप. इतके दिवस तुमाले उत्तर देत होतो तो मीच.' इथवर सरळ झालं. मग ते म्हणाले, "पोरगी गेली, असं लिवा." मी म्हटलं, भाऊ, बाहेर गेली असंच तुम्ही आजवर लिहीत आलात. नुसतं 'गेली' म्हटलं तर ते पुन्हा विचारतील, कुठं गेली. भाऊंनी भिंतीकडे पाहिलं. बाजाराचा गलका आत येत होता. मग ते म्हणाले, "तं मेली लिवा." शब्द तोंडातून गेला आणि ते खाली पिठाच्या पोत्यावर बसले. मी लिहिलं. "आन् लिवा," ते म्हणाले, "भित्री नव्हती."

लोक आले. ज्यानं भित्री म्हटलं होतं त्यानं तीनतीनदा माफी मागितली. कुणी दिवे लावले, कुणी हात जोडले, एका मुलीनं लिहिलं की कुसळीमुळे ती घरच्यांशी भांडून कॉलेजात गेली. भाऊंनी टोपी काढून एकेक वाचलं, पण उत्तर एकालाही दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बसाले आलेल्या मानसाले 'या' म्हनत नाहीत." बरोबरच होतं. दुःखात भेटायला आलेला माणूस आमच्याकडे निरोप न घेता उठतो आणि घरचे त्याला पुन्हा या म्हणत नाहीत. तसेच ते सगळे उठून गेले. भाऊंना ज्याची भीती होती तेच झालं. फोन वाजायचा थांबला.

परवा सोयाबीन विकून परतताना त्यांच्या गिरणीत डोकावलो, तर त्यांनी मला धरूनच ठेवलं. त्यांना त्या ॲपवर स्वतःच्या नावानं खातं पाहिजे होतं. मी काढून दिलं. मग त्यांनी मुलीच्या गोष्टीचा शेवटचा भाग उघडला आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हणत म्हणत त्याखाली लिहायला घेतलं, "पोरी, मी सारं वाचलं. लय चांगलं लिवलं. पुढचा भाग कव्हा टाकतं वं?"

 एवढ्यात गिरणीतून घरात जाणाऱ्या दारात ताई येऊन उभ्या राहिल्या. पोर गेल्यापासून त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "काय लिवलं होतं तिनं? मले कोनी वाचून दाखवलं नाही."

भाऊंनी त्यांना खुर्ची दिली आणि पहिल्या भागापासून वाचायला सुरुवात केली. समोरच्या दुकानातले लोक वळून पाहू लागले एवढ्या मोठ्यानं वाचत होते. ताईंनी त्यांना हळू वाचा म्हणून सांगितलं नाही.