जित्यात का मेल्यात

आमचा धंदा हेळव्याचा. बैलावर बसून गावोगाव फिरायचं, अन् ज्याच्या दारात जाऊ त्याचा वंश तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आधी मेलेले, मंग जिते. त्याबद्दल सुपभर जवारी. रीत अशी की हेळवी लंगडा, त्यानं बैलावरून उतरायचं न्हाई. माझे पाय धडधाकट, पण घोंगडीत गुंडाळून असा बसायचो की बाया हळहळायच्या. शाळा पाहिली न्हाई. जे काय हाय ते जिभेवर, डोकं रिकामं.

दुष्काळात बैल मेला. निलंग्याकडच्या एका गावात पायीच शिरलो. पारावरचे म्हातारे वरडले, "अरे बघा! आमच्या जवारीला कोंब फुटंना, अन् ह्याला पाय फुटले!" मी लगेच लंगडायला लागलो, पण कोणता पाय लंगडा ते कधी ठरवलंच नव्हतं. दोन्ही पायानं लंगडलो.

तसाच एका म्हातारीच्या दारात गेलो. तिचा धाकटा ल्योक खडी फोडायच्या कामावर गेलता. संगं गेलेले समदे परत आले, त्यो आला न्हाई. मी बसलो तसा थोरला ल्योक कानाशी लागला, "मेल्यात घाल त्याला. एकदाची रडून मोकळी होईल." म्हातारी उंबऱ्यावर बसून माझ्या तोंडाकडंच बघून राहिली होती. मेलेले संपत आले तसा तिनं पदर दातात धरला. जोरात खोकलो अन् नाव गिळलो. जित्यांत त्याची जागा आली तवा थोरल्यानं डोळे वटारले. तिथंबी खोकलो.

म्हातारी म्हणली, "पाणी पे, हेळव्या. फुडच्या साली म्हण."

असे लई साल गेले. लातूर नवा जिल्हा झाला, सडक झाली, एस्टी यायला लागली. मी नवा बैल घेऊन पुन्हा लंगडा झालो. त्या दारातला खोकला मात्र तसाच. पण गिळलेलं नाव पोटात थोडंच राहतंय? भाकर खाताना ओठावर यायचं. बैलाला पाणी दाखवताना यायचं. एकदा शेजारच्या गावात भलत्याच घरचे जिते म्हणून राहिलो होतो, तर मधीच ते नाव आपसूक चालत आलं.

घरधनी म्हणला, "ह्यो कोण रं आमच्यात? वाटणी मागायला आला का काय?"

समदे हसले. मीबी हसलो, पण ते नाव मी घेतलंच नव्हतं.

म्हातारीला बातमी लागली. बाजारात तिनं माझ्या बैलाची वेसण धरली.

"त्याचं नाव घेतलास म्हणं?"

"चुकून गेलं, माय. माझी जीभ म्हणजे मोकाट खोंड."

"जित्यात का मेल्यात?"

आता खोटं कसं बोलू? "जित्यात," म्हणलो.

तिनं वेसण सोडली. हेळव्यानं ज्या घरात जित्यांत नाव घेतलं, ते माणूस त्या घरचं, असं जुनी माणसं धरतात. दुसऱ्या दिवसापासून ती एस्टीनं शेजारच्या त्या गावी जाऊ लागली. त्या घरच्या ओट्यावर बसायची. घरचे भले, चहा द्यायचे. दिवस कलला की थोरला न्यायला यायचा. मला वाटेत गाठून म्हणला, "मेल्यात घाल म्हणलो होतो, हेळव्या. तू तर लोकाच्या घरात घातलास."

फुडच्या साली त्या गावी जायला पाय निघंनात. धंद्यानं लंगडा, त्या दिवशी खराच. गेलो तर ती ओट्यावर होतीच. घरधन्यानं जवारीचं सूप आणलं. मी त्यांचे मेलेले म्हणलो, जिते म्हणलो, अन् थांबलो. घरधन्यानं म्हातारीकडं पाहिलं. मंग हळूच मला म्हणला, "त्यालाबी घे, बाबा."

घेतलं. म्हातारीनं वळून घरातल्या अंधाराकडं बघितलं. तिच्यासंगं आम्हीबी समदे बघून राहिलो.