धुरी नको, पंप द्या

लोक मला भांडकुदळ म्हणतात. असेन. डोक्यावर टोपली घेऊन बांगड्या विकत मी केजच्या बाजारात दुकान उभं केलं, ते गोड बोलून नव्हे. पण सासूबाईंवरचा माझा राग श्वासाचा आहे.

मला लहानपणापासून दमा. गरोदरपणाचा सातवा महिना चालू असताना घरात सर्दी-तापाची साथ आली आणि माझ्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी दिलेला पंप मी रोज ओढायचे. सासूबाईंनी तो उचलून कुलपात ठेवला. पोटुशीनं असलं गरम औषध घेतलं तर लेकराला बाधतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय माझ्या खोलीचं दार लावून ओवा-लोबानाची धुरी पेटवली. आमच्याकडे सर्दी झाली की बाळंतीण असो, तान्हं असो, हाच उपाय. दम्याच्या माणसाला धूर म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार?

"आत्याबाई... पंप..." पुढचा शब्द निघेना.

"कावून तडफडती? धूर आत जाऊ दे, कफ सुटंल."

मी उठले. निखाऱ्याचं खापर पायानं लोटलं, दार उघडलं आणि रस्त्याकडच्या ओट्यावर जाऊन बसले. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की दुकानदार भाव उतरवतो, हे मला ठाऊक होतं. शेजारणी जमल्या.

"अगं आत चल, लोक बघायलेत!" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"बघू द्या. पंप... आणा."

त्यांनी आणला. ओढल्यावर थोडी हवा आत गेली, पण ओठ निळे पडले होते. नवऱ्यानं एसटीडीवरून जीप बोलावली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, पोटावर नळी टेकवून बराच वेळ ऐकलं. "ठोके चांगले आहेत," म्हणाल्या आणि सासूबाईंकडे वळल्या. "आईला श्वास मिळाला नाही तर बाळाला कुठून मिळणार? सर्दी-तापात तर पंप मुळीच बंद करायचा नाही."

"आमची लेकरं काय पंपावर वाढली?" सासूबाई पुटपुटल्या आणि दुसऱ्याच दिवशी गावी निघून गेल्या.

ताप उतरल्यावर नवरा जीप घेऊन न्यायला आला. केजच्या चौकात मी गाडी थांबवली. "घरात धूर न्हाई आन् पंप माझ्याजवळ. कबूल?"

"आईला काय सांगू?"

"ते तुमी बघा. न्हाईतर गाडी सरळ पालीला, माझ्या माहेरी."

ड्रायव्हर हसला. "दादा, लवकर बोला. वहिनी भाव कमी करणाऱ्यातल्या न्हाईत."

नवरा खिडकीबाहेर बघू लागला. नजर टाळणाऱ्या गिऱ्हाइकाला माल घ्यायचा नसतो. मी म्हणाले, "सरळ."

मुलगी पालीतच झाली, पूर्ण दिवसांची. बारशाला सासूबाई बायकांना सांगत होत्या, "आमच्या धुरीनं कफ सुटला, म्हणून हे लेकरू दिसायलंय."

"न्हाई आत्याबाई," मी पाळण्याजवळूनच म्हणाले, "धुरीतून उठले, म्हणून दिसायलंय."

पाळणा म्हणणाऱ्या बायका मधेच थांबल्या. थांबल्या तर थांबल्या.